पुरवठादार: टोयोटाचा कित्ता की जनरल मोटर्सचा?

१९९२ मध्ये जनरल मोटर्सच्या खरेदीप्रमुख लोपेझ यांनी पुरवठादारांकडून पुन्हा दर मागवले, भाव पाडले. पैसे वाचले, पण पुरवठादार दुखावले.

टोयोटाचं उलट: पुरवठादार मोजके, पण नातं घट्ट. १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या जपानमधल्या करिया कारखान्याला आग लागली. ब्रेकचा पी-व्हॉल्व्ह (मागच्या चाकांवरचा ब्रेकचा दाब आवरणारा छोटा भाग) जवळजवळ सगळा तिथूनच यायचा, साठाही जेमतेम (हा अतिरेकच!). गाड्यांचं उत्पादन ठप्प झालं. मग आयसिनने ड्रॉइंग्ज इतरांच्या हाती दिली आणि साठहून अधिक कंपन्या कामाला लागल्या. त्यात शिलाई मशिनवाली ब्रदरसुद्धा. हिशेब नंतर झाला. काही दिवसांतच गाड्या पुन्हा निघू लागल्या.

नट-बोल्टसाठी मी दरपत्रकंच मागवीन. ब्रेकसाठी टोयोटाची वाट, पण दुसरा पुरवठादार हाताशी ठेवूनच.