अल्बर्ट किंगपाशी उशिरा पोचलेल्यांनी आधी कुठली रेकॉर्ड घ्यावी

गिटारवादक एरिक क्लॅप्टन ऐकून झाला, स्टीव्ही रे वॉन तोंडपाठ झाला, मग गॅरी मूरच्या १९९० च्या अल्बमवर पाहुणा म्हणून वाजवणारा हा दुसरा गिटारवाला कोण, असा प्रश्न पडला. बरेच श्रोते अमेरिकन ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगपर्यंत या वाटेने येतात. आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत त्यांची एकच तक्रार असते: हे सगळं तर ऐकलेलंच आहे! ऐकलेलं आहेच, कारण उसनवारी आधी कानावर पडली. क्रीम या बँडच्या 'स्ट्रेंज ब्रू'मधला क्लॅप्टनचा सोलो अल्बर्टच्या 'ओ, प्रिटी वुमन'वरून जवळपास उचललेला आहे. वॉनने तर अल्बर्टची गिटारवरची वाक्यंच नव्हे, वाक्यांमधले श्वाससुद्धा घेतले.

म्हणून उशिरा येणाऱ्याने कुठून सुरुवात करायची, हा प्रश्न इथे इतर कलाकारांपेक्षा महत्त्वाचा ठरतो. चुकीची रेकॉर्ड आधी लावली तर 'बरा आहे, पण पाच-सहा वाक्यंच फिरवून वाजवतो' असं मत होतं आणि माणूस तिथेच थांबतो. पाच-सहा वाक्यं फिरवून वाजवतो हे खरंच आहे. ऐकायचं असतं ते प्रत्येक वेळी तार कुठवर ओढली, कुठे थांबवली आणि त्यानंतर किती वेळ गप्प बसला ते.

स्वतः अल्बर्टलाही उशीरच झाला होता. जन्म १९२३ चा, मिसिसिपीतल्या इंडियानोला गावचा. पहिली रेकॉर्ड १९५३ मध्ये शिकागोत निघाली. त्याआधी आणि नंतरही पोटासाठी बुलडोझर चालवला, 'वेल्व्हेट बुलडोझर' या टोपणनावात त्याचाही वाटा आहे. मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीत तो आला १९६६ मध्ये आणि तिथला पहिला अल्बम, 'बॉर्न अंडर अ बॅड साइन', निघाला १९६७ मध्ये. तेव्हा वय ४४.

सुरुवात याच अल्बमने करावी. अकरा गाणी, जेमतेम ३५ मिनिटं. मुळात हा सलग आखलेला अल्बम नाही. १९६६-६७ मध्ये वेगवेगळ्या बैठकांत ध्वनिमुद्रित झालेली गाणी, त्यातली बरीचशी आधी सिंगल म्हणून निघालेली, एकत्र करून तो बांधला. तरी तो एकसंध वाटतो, कारण मागे वाजवणारी मंडळी तीच: ऑर्गन-पियानोवर बुकर टी. जोन्स, ऱ्हिदम गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर डोनाल्ड 'डक' डन, ड्रम्सवर अल जॅक्सन ज्युनियर, शिवाय मेम्फिस हॉर्न्स. खोलीही तीच, मॅकलेमोर अव्हेन्यूवरच्या जुन्या सिनेमा थिएटरात थाटलेला स्टुडिओ. थिएटरचा उतार तसाच ठेवल्यामुळे तिथली जमीन सपाट नव्हती.

ही मंडळी मूळची सोल संगीतातली, आणि या रेकॉर्डची सगळी किमया तिथे आहे. शिकागोच्या ब्लूजमध्ये गिटार, पियानो आणि माउथऑर्गन तिघे एकाच वेळी बोलत असतात. स्टॅक्सवाले जागा सोडतात. क्रॉपर दोन ठोके देऊन बाजूला होतो, हॉर्न एक ओळ टाकून थांबतात आणि मधली मोकळी जागा अल्बर्टची. शीर्षकगीत घ्या, विल्यम बेल आणि बुकर टी. यांनी लिहिलेलं. बेस आणि गिटार मिळून एकच रिफ, म्हणजे फिरून फिरून येणारा छोटा तुकडा, वाजवत राहतात आणि ब्लूजची नेहमीची बारा बारची चौकट जवळपास मोडलेली आहे. 'क्रॉसकट सॉ'मध्ये अल जॅक्सनने लॅटिन वळणाचा ठेका धरलाय. तो आधी दोनदा नुसता ड्रम्ससाठी ऐकावा, म्हणजे तिसऱ्यांदा अल्बर्ट ठेक्याच्या किती मागे राहून येतो ते कळतं. 'पर्सनल मॅनेजर'मधला सोलो या अल्बमवरचा सर्वांत भरदार.

'अ‍ॅज द इयर्स गो पासिंग बाय' हे संथ गाणं फेंटन रॉबिन्सनने १९५९ मध्येच गायलं होतं, पण उशिरा आलेल्या श्रोत्याला इथे वेगळाच धक्का बसतो. त्यातली गाण्याची पहिली ओळ वेग वाढवून मनात म्हणून पाहा. गिटारवादक ड्युएन ऑलमनने क्लॅप्टनच्या 'लेला'चा प्रसिद्ध रिफ त्याच सुरांवरून काढला.

सगळंच सोनं आहे असंही नाही. 'कॅन्सस सिटी' हजार जणांनी गायलंय आणि इथे ते फारसं वेगळं होत नाही. शेवटचं 'द व्हेरी थॉट ऑफ यू' म्हणजे अल्बर्टला मखमली प्रेमगीत गायला बसवलंय. आवाज गोड आहे, पण गिटार कोपऱ्यात. पहिल्या फेरीत ही दोन्ही वगळली तरी चालेल. २०१३ च्या आवृत्तीत शेवटी पाच जादा ट्रॅक आहेत, त्यातले चार याच गाण्यांचे पर्यायी टेक आणि एक बिनशीर्षकाची वाद्यरचना. नुसत्या श्रोत्याने त्यांच्या नादी लागू नये. वाजवणाऱ्याने मात्र 'द हंटर'चे दोन्ही टेक लागोपाठ ऐकावेत.

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नये. डक डनचा बेस तिथे ऐकूच येत नाही आणि बेस गेला की शीर्षकगीताचा रिफ अर्धाच उरतो. साधे वायरवाले हेडफोन पुरे. स्ट्रीमिंगवर शोधताना आणखी एक घोटाळा होतो. 'ओ, प्रिटी वुमन' टाइप केलं की रॉय ऑर्बिसनचं १९६४ चं गाणं समोर येतं. नावापलीकडे दोघांत काही संबंध नाही. अल्बर्टचं हवं तर कलाकाराचं नाव घालूनच शोधा. 'बेस्ट ऑफ' छापाचे संग्रह शक्यतो टाळा. त्यांत वेगवेगळ्या काळातल्या बँड शेजारी येतात आणि ही मोकळी जागा कुठे होती तेच हरवतं.

आता वाजवणाऱ्यांसाठी, कारण अल्बर्ट ऐकून गिटार हातात न घेणारा विरळा. तो डावखुरा. गिटार उजव्या हाताची, बाणाच्या आकाराची गिब्सन फ्लाइंग व्ही, आणि तारा न बदलता ती नुसती उलटी धरलेली. म्हणजे सर्वांत बारीक तार वर, हनुवटीच्या बाजूला. बाकीचे बारीक तार बेंड करताना, म्हणजे ताणून सूर चढवताना, ती वर ढकलतात, अल्बर्ट ती खाली, जमिनीकडे ओढतो. ढकलताना बोटं काम करतात, ओढताना मूठ मिटते आणि सगळ्या हाताचं वजन कामी येतं. त्यात ट्यूनिंग नेहमीपेक्षा बरंच उतरवलेलं, त्यामुळे तारा सैल. पिक नाही, उघडा अंगठा. सतारीवर पडद्यावर तार आडवी ओढून मींड काढतात, तेच तत्त्व. म्हणूनच मींडेला सरावलेल्या कानाला अल्बर्ट लवकर कळतो, निदान कळायला हवा.

उजव्या हाताने वाजवणाऱ्याने गिटार उलटी धरायच्या फंदात पडू नये. दहाचा सेट (पहिली तार ०.०१० इंच जाडीची) लावा आणि सगळ्या तारा एक पूर्ण टोन खाली उतरवा. ताण साधारण एक पंचमांशाने कमी होतो आणि तेवढ्याने बेंडचा पल्ला पुष्कळ वाढतो. आता दुसऱ्या तारेवरचा दहावा फ्रेट (पडदा) सा माना. त्याच तारेचा आठवा कोमल नी. पहिल्या तारेचा आठवा कोमल ग, दहावा म. तिसऱ्या तारेचा नववा फ्रेट खालचा प. झाले पाच सूर, म्हणजे आपला धानी. अल्बर्टचं बरंचसं घर एवढ्याच जागेत मावतं. फरक इतकाच की खाली बँड शुद्ध गंधार असलेला मेजर कॉर्ड धरून असते, आणि अल्बर्ट पहिल्या तारेचा आठवा फ्रेट किंचित ओढून कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी थांबवतो. ती जागा फ्रेटवर नाही, कानातच शोधावी लागते.

मोठा बेंड दहाव्या फ्रेटवरचा. अनामिकेने म दाबा, मागे मधलं बोट आणि तर्जनी आधाराला ठेवा आणि मनगट फिरवून प गाठा. बरोबर झाला का हे तपासायला त्याच तारेचा बारावा फ्रेट वाजवून पाहा, तोच प. तो पक्का झाला की न सोडता पुढे कोमल नीपर्यंत जा, तपासायला पंधरावा फ्रेट. मपासून मोजला तर हा सगळा पल्ला पाच अर्धस्वरांचा आहे. पहिल्या आठवड्यात तो येत नाही आणि नुसत्या बोटांच्या जोरावर कधीच येत नाही.

इथे बिघडतात त्या गोष्टी ठरलेल्या. तरंगता (स्प्रिंगवर हलणारा) ब्रिज असेल तर एक तार ओढली की ब्रिज पुढे झुकतो, बाकीच्या तारा उतरतात आणि ओढलेली तारही हव्या सुरापर्यंत पोचत नाही. मागे लाकडाचा ठोकळा बसवून ब्रिज स्थिर करा. बेंड अर्ध्यावर आला की आवाज मरत असेल तर फिंगरबोर्डची गोलाई जास्त आणि तारा फार खाली आहेत. जुन्या धर्तीच्या सव्वासात इंच रेडियसच्या गिटारवर हे हमखास होतं. पहिल्या दोन तारांचे सॅडल (ब्रिजवरचे तारेचे टेकू) थोडे वर घ्या. तार नेहमी ब्रिजपाशीच तुटत असेल तर सॅडलला धार आली आहे, बारीक पॉलिश पेपरने ती घासून काढा. बेंड सोडल्यावर तार सुरात परतत नसेल तर ती नटच्या (मानेच्या टोकाशी असलेल्या पट्टीच्या) खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की बहुतेक वेळा भागतं. वॉनचं पाहून तेराचा सेट लावण्याची हौस मात्र आवरा. त्याचा पंजा निराळा होता आणि तोही अर्धा टोन खालीच लावायचा.

दुसरी रेकॉर्ड, 'लाइव्ह वायर / ब्लूज पॉवर'. जून १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर ऑडिटोरियममध्ये ध्वनिमुद्रित झालेली, सहा ट्रॅक. त्याच वर्षी फेब्रुवारीत जिमी हेन्ड्रिक्स आणि जॉन मेयलबरोबर अल्बर्ट त्याच शहरातल्या तरुण गोऱ्या श्रोत्यांसमोर उभा राहिला होता, त्यामुळे ही मंडळी त्याला ओळखून होती. स्टॅक्सची ती मोजूनमापून वाजवणारी बँड इथे नाही, त्याची स्वतःची दौऱ्यावरची आहे, आणि खरं सांगायचं तर ती साधीच आहे. पण 'ब्लूज पॉवर' आणि 'ब्लूज अ‍ॅट सनराइज' या दोन लांब तुकड्यांसाठी सगळं माफ. 'ब्लूज पॉवर'मध्ये तो मधेच बोलायला लागतो, लोक हसतात, आणि बोलणं संपायच्या आत गिटार तेच वाक्य पूर्ण करते. शांतता इथे किती लांब ताणलीय ते पाहा. स्टुडिओत तीन मिनिटांच्या सिंगलमध्ये हे शक्यच नव्हतं. सुरुवातीचं 'वॉटरमेलन मॅन' नुसती ओळखपरेड आहे, सोडलंत तरी काही जात नाही. त्याच रात्रींचं उरलेलं ध्वनिमुद्रण १९९० मध्ये बुधवार आणि गुरुवार अशा दोन वेगळ्या अल्बमांत निघालं, ते व्यसन लागल्यावर घ्यावं.

तिसरी, 'इन सेशन', स्टीव्ही रे वॉनबरोबर. गिटारवाल्यांत विचाराल तर हीच आधी ऐक म्हणून सांगतात, आणि उशिरा येणाऱ्याची गाडी इथेच घसरते. ६ डिसेंबर १९८३ ला कॅनडात, ऑन्टारियोतल्या हॅमिल्टनच्या टीव्ही स्टुडिओत हा कार्यक्रम झाला. अल्बर्ट साठीचा, वॉन २९ वर्षांचा, पहिला अल्बम त्याच वर्षी आलेला. वॉन इतका अल्बर्टमय झालेला की नव्या कानाला कोण कुठला ते कळत नाही, आणि जास्त सूर वाजवणारा तरुण जिंकला असं वाटून जातं. फिलमोर आधी ऐकलं असेल तर मात्र 'ब्लूज अ‍ॅट सनराइज'ची पंधरा मिनिटं वेगळीच ऐकू येतात. जाड, भरलेला, घाईचा आवाज वॉनचा. बारीक, टोचणारा आणि मधेच थांबणारा अल्बर्टचा. वॉन काही ठिकाणी चक्क माघार घेतो, म्हाताऱ्याला वाट देतो, आणि त्याचं सर्वांत चांगलं वाजवणं त्याच ठिकाणी आहे. बहुतेक गाणी अल्बर्टच्या भात्यातली. १९९९ च्या सीडीवर वॉनचं स्वतःचं एकच, 'प्राइड अँड जॉय'.

गाण्यांच्या मधे गप्पांचे छोटे ट्रॅक आहेत. शफल बंद ठेवा, नाहीतर भलत्याच गाण्यानंतर म्हातारा उपदेश करायला लागतो. एका गप्पेत अल्बर्ट सांगतो की वॉनचं नाव ऐकून त्याला काहीच लक्षात आलं नव्हतं. ऑस्टिनमध्ये पूर्वी मंचावर येऊन वाजवून गेलेला तो काटकुळा पोरगा म्हणजेच हा, हे समोर आल्यावर कळलं. १९९९ च्या सीडीत तीन गाणी नव्हती: 'बॉर्न अंडर अ बॅड साइन', 'टेक्सस फ्लड' आणि 'आउटस्कर्ट्स ऑफ टाउन'. ती आधी २०१० च्या डीव्हीडीवर दिसली आणि २०२४ च्या आवृत्तीत ध्वनिरूपात आली. आता घेणाराने २०२४ चीच घ्यावी. डीव्हीडी मिळाली तर मात्र ती सोडू नका. तार खाली ओढताना अल्बर्टचा पंजा कसा मिटतो आणि अंगठा तारेवर कुठे बसतो, हे ध्वनिमुद्रणातून कळायला महिने लागतात आणि पडद्यावर एका गाण्यात दिसतं.