आईबाबांची 5 लाखांची फ्लोटर पॉलिसी: साडेतीन वर्षांनी पहिला क्लेम केला, त्याचा अनुभव

फेब्रुवारी 2022 मधे आईबाबांसाठी फॅमिली फ्लोटर हेल्थ पॉलिसी घेतली होती, म्हणजे एकच 5 लाखांचं कव्हर, दोघांत मिळून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हीच कलमं बऱ्याच जणांच्या पॉलिसीत आहेत. यंदा ऑगस्टमधे आईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं, नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात, 3 दिवस ॲडमिट होती, तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं नेमके कशाचे पैसे भरून राहिलो होतो.

बिल झालं 1 लाख 30 हजार. पॉलिसी 5 लाखांची म्हणून मी बिनधास्त होतो. कंपनीने मंजूर केले 95,500, बाकीचे 34,500 मी काउंटरवर भरले आणि घरी येऊन रात्री जेवण झाल्यावर बिल आणि पॉलिसीचं पुस्तक शेजारी ठेवून एकेक ओळ लावली.

आमच्या पॉलिसीत रूमच्या भाड्याची लिमिट दिवसाला विम्याच्या रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 5,000. रात्री मावशीला आईजवळ झोपता यावं म्हणून आम्ही 7,000 ची रूम घेतली. वाटलं वरचे दिवसाला 2,000 आपण भरू, 3 दिवसांचे 6,000, काही हरकत नाही. पण तसं नसते बापा. रूम महागाची घेतली की सर्जनची फी, भूल, ओटी, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापतात. आमचे हे चार्जेस 77,000 होते, त्याचे सात भागातले पाचच मिळाले, 55,000, म्हणजे 22,000 तिथेच गेले. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांवर ही कपात करता येत नाही, आयसीयूच्या चार्जेसवरही नाही, तेवढं तुमच्या बिलात नक्की तपासा. राहिलेले 6,500 ग्लोव्ह्ज, मास्क, असल्या फुटकळ सामानाचे, ते साध्या पॉलिसीत मिळतच नाहीत, त्याचं वेगळं ॲड-ऑन असते. ॲडमिट व्हायच्या आधी मला कोणी एवढंच विचारलं असतं की रूमची लिमिट किती आहे, तर 28,000 वाचले असते. ना एजंटने सांगितलं ना हॉस्पिटलने. याचा मला खरंच राग आहे.

आता चांगलं जे झालं तेही सांगतो. फॉर्म भरताना एजंट म्हणाला होता, काकूंचा बीपी लिहू नका, प्रीमियम वाढेल. मी लिहिला. ॲडमिशनच्या दिवशी टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम पाहणारी संस्था) डेस्कवरच्या मुलाने पहिलाच प्रश्न केला, "काकू, बीपीची गोळी कधीपासून चालू आहे?" आई सरळ बोलली, "सहा वर्षं झाली बाळा." त्याने फॉर्मशी जुळवून पाहिलं आणि पुढे गेला. लपवलं असतं तर हाच क्लेम नाकारायला कारण मिळालं असतं. सलग 5 वर्षं पॉलिसी चालवली की मग कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, पण आमची 5 वर्षं कुठे झाली होती? खड्यांसाठी 2 वर्षांचा वेटिंग पिरियड होता, म्हणजे तेवढे दिवस त्याचा क्लेम मिळत नाही, तो मात्र संपलेला होता.

कॅशलेसची, म्हणजे कंपनी हॉस्पिटलला थेट पैसे देते त्याची, पहिली मंजुरी 50 मिनिटांत आली. 2024 पासून नियमच आहे, पहिली 1 तासात, डिस्चार्जची 3 तासांत. पण डॉक्टरांनी सकाळी 9 ला सुट्टी दिली आणि आम्ही निघालो दुपारी साडेतीनला. चौकशी केली तर कळलं हॉस्पिटलने फायनल बिलच 1 वाजता पाठवलं, आणि 3 तास तेव्हापासून मोजतात. आई तोपर्यंत साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन पलंगावर बसून होती. इथे चूक कंपनीची नाही, बिलिंगवाल्यांच्या मागे सकाळपासूनच लागा.

माझ्याकडून 5 पैकी 3. क्लेमची टीम व्यवस्थित, पॉलिसी चुकीची निवडलेली.

फेब्रुवारीत रिन्युअल आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून घरगुती हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला, तेच वाचलेले पैसे घालून रूमची लिमिट नसलेल्या दुसऱ्या कंपनीच्या पॉलिसीत पोर्ट करून राहिलो, म्हणजे चालू पॉलिसी तिकडे हलवून राहिलो. पोर्टचा अर्ज रिन्युअलच्या 45 दिवस आधी द्यावा लागतो, झालेला वेटिंग पिरियड त्यात धरला जातो, पण नवी कंपनी नाहीही म्हणू शकते म्हणून तिचं पत्र हातात येईपर्यंत जुनी बंद करणार नाही. बाबांची शुगर यावेळी मी स्वतः फॉर्मवर लिहिली, तारखेसकट.