समुद्री माशांवरील चपट्या कृमींचा स्लाइड-संच : एक अभिप्राय

समुद्री माशांच्या कातडीवर व कल्ल्यांत राहणाऱ्या चपट्या परजीवी कृमींच्या दहा कायमस्वरूपी स्लाइडचा हा संच आम्ही गोंदिया जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागासाठी मागवला. तलावातले रोहू-कतला आमच्या विद्यार्थ्यांना ताजे मिळतात. बांगडा मात्र आठवडी बाजारात पोहोचेपर्यंत इतका काळ बर्फात राहिलेला असतो की त्याच्या कल्ल्यांतले कृमी ओळखण्याच्या अवस्थेत क्वचितच उरतात, त्यामुळे तयार स्लाइडवाचून आमचे भागत नाही.

रंगक्रिया उत्तम आहे. कार्मिनचा जादा रंग इतका बेताने काढला आहे की वृषणे, अंडाशय आणि पीतकग्रंथी (अंड्यासाठी पोषक द्रव्य बनवणाऱ्या ग्रंथी) वेगवेगळ्या ओळखू येतात. मायक्रोकोटाइल या कृमीच्या मागील टोकाच्या धारक-अवयवावर दोन रांगांत बसलेले चिमटे एकेक करून मोजता येतात, आणि वीज गेल्यावर आरशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली खिडकीच्या उजेडातही ते स्पष्ट दिसतात.

खोट आहे ती लेबलांत. त्यांवर कृमीचे नाव आणि 'समुद्री मासा' याखेरीज काहीही नाही, आणि वर्गीकरण शिकवणाऱ्याला नेमके तेच अडते. कुहनिया आणि डिक्लिडोफोरा या दोन वेगळ्या कुळांतल्या कृमींना चिमट्यांच्या चारच जोड्या असतात. मोजणीने फरक कळत नाही, चिमट्याच्या आतील कठीण पट्ट्यांची रचना पाहावी लागते. पोशिंदा मासा (कृमी ज्याच्यावर जगतो तो) बांगड्याच्या कुळातला की कॉड या थंड समुद्रातल्या माशाच्या, एवढी नोंद असती तरी विद्यार्थ्याला दिशा मिळाली असती, कारण या गटातील बहुतेक जाती ठरावीक माशांनाच धरून राहतात. कातडीवरचा निओबेनेडेनिया मेलेनी हा त्याला ठळक अपवाद आहे. मॅक्कॅलम यांनी १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील माशांवरून त्याचे वर्णन केले आणि पुढे तो शंभराहून अधिक जातींच्या माशांवर नोंदला गेला. यामागुती यांनी १९६३ मध्ये त्याच्यासाठी वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्थापली, तरी या संचात त्याचे जुने बेनेडेनिया हेच नाव छापले आहे. या दोन प्रजातींतला मुख्य फरक योनिमार्ग असण्या-नसण्याचा आहे आणि तो याच स्लाइडवर दाखवता येतो, म्हणून ही चूक अधिक खटकते.

धारक-अवयवावरचे हुकासारखे काटे व चिमटे पाहण्यासाठी न रंगवलेला, दाबून सपाट केलेला आणि ग्लिसरीन-अमोनियम पिक्रेटमध्ये बसवलेला दुसरा नमुना प्रत्येक जातीसोबत द्यायला हवा होता. शिवाय आवरण-काच चिकटवणारी बाल्सम ही राळ पुरती सुकलेली नव्हती. पेटीत स्लाइड उभ्या ठेवलेल्या असल्याने मे महिन्याच्या उन्हात दोन आवरण-काचा घसरल्या. आता आम्ही सगळ्या आडव्या ट्रेमध्ये ठेवतो.

रंगक्रियेसाठी मी हा संच घ्या असेच सांगेन. मागणी नोंदवताना मात्र प्रत्येक स्लाइडच्या पोशिंद्या माशाचे नाव, कृमी कोणत्या अवयवावर सापडला आणि मासा कोणत्या बंदरावर उतरला, हे पुरवठादाराकडून लेखी मागून घ्यावे.