रानडुकरांसाठी घेतलेली थर्मल दुर्बीण, दोन पावसाळे वापरून

आमची बाग देवगड तालुक्यात, कातळ संपून उतार सुरू होतो तिथे. वर काजू, खाली माड आणि मधल्या कुणग्यात सुरण, कणग्या असले कंद. डुकरं रात्री दोन-तीनला येतात आणि सकाळी बघावं तर ट्रॅक्टर फिरवल्यासारखी जमीन. बॅटरी मारली की पळतात, पण मारायची कुठे तेच कळत नाही, म्हणून म्हटलं काहीतरी बघायचं साधन घेऊ.

शोधायला बसलो तर समोर सगळे रायफलवर बसवायचे इलेक्ट्रॉनिक स्कोपच, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणी. कशात लेझरने अंतर मोजायची सोय, कशात गोळी किती खाली पडेल त्याचा हिशोब, व्हिडिओ तर बहुतेकांत. बघायला मजा येते, पण आबांकडे आहे शेतीसंरक्षणाच्या लायसनची ठासणीची बंदूक, जी निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची. तिच्यावर असला स्कोप म्हणजे बैलगाडीला पॉवर स्टिअरिंग. शिवाय 1972 च्या कायद्याने रानडुकरालाही संरक्षण आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. मग हातात धरून बघायचीच घेतली.

पहिली घेतली ती साधी डिजिटल नाइट व्हिजन, इन्फ्रारेड दिव्याची. पैसे फुकट. दिवा 850 नॅनोमीटर तरंगलांबीचा, समोरून बघितलं तर बारीक लाल ठिपका दिसतो. 940 चा दिसत नाही पण त्याचा उजेड लांब पोचत नाही. तरी ते चाललं असतं, खरी वाट लावली पावसाने. थोडी जरी झिमझिम असली की तो उजेड थेंबांवरून परत डोळ्यात, आंबोलीच्या धुक्यात हाय बीम लावल्यावर जसं पांढरंफटक दिसतं ना, तस्सं. ऐन भात पिकायच्या वेळी डबीत ठेवून दिली.

मग थर्मल घेतली, म्हणजे उजेडावर नाही तर उष्णतेवर चित्र दाखवणारी. 256 बाय 192 पिक्सेलचा (चित्राच्या चौकोनी ठिपक्यांचा) सेन्सर, 12 मायक्रॉनचा पिक्सेल, 10 मिलिमीटरची लेन्स, साधारण 55 हजार पडले. दुकानदार 25 ची लेन्स गळ्यात मारत होता, "लांबचं दिसेल" म्हणून. पण हाच सेन्सर 25 च्या लेन्समागे असला तर 100 मीटरवर जेमतेम 12 मीटर रुंदीचं दिसतं, 10 च्या लेन्सने 30 मीटर. आमच्या काजूत 100 मीटर मोकळं दिसतंच कुठे? सड्यावर बाग असेल, सगळं उघडं असेल, तर त्याने मोठी लेन्स घ्यावी, बाकीच्यांनी झूमच्या आकड्याला भुलू नये. झूम डिजिटल असतो, चौकोन मोठे होतात एवढंच.

खोक्यावर लिहिलेलं अंतर तर अजिबात धरू नका. माझ्या खोक्यावर 450 मीटर छापलंय, ते "काहीतरी गरम आहे" एवढं कळायचं अंतर. माझ्या दुर्बिणीत 300 मीटरवर एक पिक्सेल 36 सेंटिमीटरचा होतो, म्हणजे आख्खं डुक्कर तीन पिक्सेलांत. डुक्कर, कुत्रा की वाकून बसलेला माणूस हे मला 60-70 मीटरच्या आतच खात्रीने कळतं. एकदा मी तासभर ज्याच्यावर नजर ठेवून होतो तो शेजाऱ्यांचा रेडा निघाला. शिकारीत चुकून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या येतात त्या का येतात, ते तेव्हा कळलं.

आणखी एक, जे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. आपला कातळ नि जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं) दिवसभर तापतात आणि रात्री दहापर्यंत गरम राहतात, त्यामुळे संध्याकाळी स्क्रीनवर सगळा गडगाच पांढरा. गडग्यावर वानर बसला तर त्यात मिसळून जातो. पहाटे तीननंतर मात्र चित्र असं स्वच्छ येतं की ससा पण सुटत नाही. काचेतून काही दिसत नाही हे पण लक्षात ठेवा. आबांनी बंद खिडकीतून बघितलं आणि ओरडले, "अरे ह्या तर माझाच भूत दिसता मरे!" काचेवर त्यांच्याच तोंडाची ऊब परत येत होती. मधेमधे टक्क आवाज होऊन चित्र क्षणभर थांबतं, ते बिघडलेलं नसतं, आतली झडप पडून सेन्सर स्वतःला जुळवून घेतो.

दमटपणाचं काय ते विचाराल. आयपी 67 (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) आहे, पावसात भिजली, काही झालं नाही. पण खाऱ्या हवेने बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवा गंज धरला, आता महिन्यातून एकदा पुसतो आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून स्टीलच्या डब्यात ठेवतो. बॅटरी बाहेर काढता येणारीच घ्या, 18650 ची (सुटा गोल सेल), थंडीत दोन लागतातच. आतच बसवलेली असेल तर ती मेल्यावर आख्खी वस्तू दुकानात पाठवा, आणि दुकान मुंबईत. माझी एकदा बटण अडकलं म्हणून पाठवली होती, पाच आठवडे "पार्ट येतोय" ऐकलं, परत आली ती बटण तसंच. शेवटी कणकवलीत मोबाइलवाल्याने दहा मिनिटांत केलं.

लेन्सचं झाकण मात्र पहिल्याच महिन्यात सुरणात पडलं ते गेलंच. आता खोबरेल तेलाच्या बाटलीचं टोपण बसवलंय, अगदी मापाचं आहे.