‘सील पॅक’ म्हणून घेतलेली गाडी

गेल्या गुरुवारी इचलकरंजीच्या एका पोराचा मेसेज आला. ‘दादा, ही किट घेऊ का? सील पॅक आहे म्हणतोय.’ सोबत जोडायच्या प्लॅस्टिकच्या गाडीच्या डब्याचा फोटो. डबा वेगळा, विकणाऱ्याचं नाव वेगळं, नंबरही वेगळा. पण डब्याखाली अंथरलेली निळ्या पट्ट्यांची सतरंजी मी ओळखली. तिच्या कोपऱ्यावरचा चहाचा डागसुद्धा ओळखला. दीड वर्षापूर्वी त्याच सतरंजीवर ठेवलेल्या एका डब्यापायी माझे साडेनऊ हजार गेलेत.

आजवर हे घरातली माणसं आणि एक मित्र सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. अजूनही वाटते.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉपला असतो. दिवसभर हातात बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर, आणि संध्याकाळी घरी आलो की त्याच हातानं प्लॅस्टिकच्या गाड्या जोडतो. पोरांची खेळणी नव्हेत ही. सुट्या भागांची किट येते; बॉडीला पॉलिश पेपर मारायचा, खड्ड्यात लांबी म्हणजे पुट्टी भरायची, प्रायमर, रंग, आणि हौस असेल तर इंजिनाच्या प्लगच्या वायरीसुद्धा तांब्याच्या बारीक तारेच्या ओढायच्या. आमची मंडळी म्हणते, खरी गाडी धुवायला सांगितली तर कंबर दुखते आणि ह्या बोटाएवढ्या गाडीला रात्री एकपर्यंत पुसत बसता. तिचं चुकत नाही. लहानपणी दसरा चौकात सोन्यासाठी झुंबड उडायची तेव्हा मी वडिलांच्या खांद्यावरून छत्रपतींच्या मेबॅक गाडीची चाकं बघत बसायचो. खोड तिथली.

त्यातही माझा जीव हॉट रॉडवर, म्हणजे जुनी गाडी कापून-छाटून पळायला केलेली. 1932 साली फोर्डनं साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन घातलं. 221 घनइंच, 65 हॉर्सपॉवर. पुढं ह्या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त झाल्या, तशा कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या उचलल्या, मडगार्ड काढून फेकली, टप कापून बुटका केला आणि कोरड्या तलावांच्या सपाट तळावर पळवल्या. आपल्याकडं यामाहाचा सायलेन्सर कापणारी पोरं असतात ना, तीच जात. बत्तीसमधल्या दोनावरून त्या गाडीला ‘ड्यूस’ म्हणतात. ह्या ड्यूस कूपेची जुन्या काळी निघालेली, 1/25 मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी किट मला किती वर्षं पाहिजे होती.

तर मला फसवणारा हा माणूस आमच्या गाड्या जोडणाऱ्यांच्या ग्रुपात आला तोच मुळी बेतानं. पहिल्यांदा त्यानं माझ्याकडून काही मागितलं नाही. मला एक डिकलचा, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या चित्रांचा कागद हवा होता, तो त्यानं साडेसहाशेला दिला. चौथ्या दिवशी पार्सल दारात, आत पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांमध्ये कागद जपून ठेवलेला, वर ‘धन्यवाद दादा’ अशी चिठ्ठी. विश्वास बसायला आणखी काय लागतं? मग महिन्याभरानं फोन. काका अमेरिकेत होते, ते वारले, त्यांचा साठा काढायचाय, त्यात एक ड्यूस आहे, अजून सील पॅक.

“आतले फोटो मिळतील का?” मी विचारलं.

“दादा, सील तोडलं तर व्हॅल्यू जाते. तुम्हीच नंतर म्हणाल, फोडलेला माल का दिला. आणि कोल्हापूरच्या माणसाला फसवून मी जाणार कुठं? अंबाबाईची शपथ.”

अंबाबाईचं नाव काढलं की आमच्याकडं विषय संपतो. त्याला ते बरोबर ठाऊक होतं. मी चहा पिता पिता फोनवरून पैसे पाठवले.

डबा आला. चकचकीत फिल्ममध्ये गुंडाळलेला, बघूनच डोळे निवले. आणि मी तो उघडला नाही. इथंच खरी गोम आहे. आमच्या छंदात न फोडलेल्या जुन्या डब्याला मान असतो, उघडला की भाव उतरतो. म्हणून मी तो कपाटावर ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. आठ महिने! माल बघून फसवणूक कळते, आणि इथं माल बघायचाच नाही असा आमचाच नियम. त्यानं वेगळं कुलूप लावलंच नाही, आमचंच लावलं.

बिंग फोडलं ते माझ्या शाळूसोबत्यानं. त्याचं गांधीनगरात पॅकिंगच्या सामानाचं दुकान. रविवारी जेवायला आला होता, पांढऱ्या रश्शाची दुसरी वाटी संपवून हात पुसत कपाटाकडं बघायला लागला.

“हे रे काय?”

मी कौतुकानं सांगितलं. पन्नास एक वर्षांपूर्वीचा माल, कारखान्यातलं सील.

त्यानं डबा खाली घेतला, फिल्मवरून अंगठा फिरवला आणि हसला. “कारखान्यातलं? मर्दा, हे श्रिंकचं रोल मी किलोवर विकतोय.”

मग त्यानं डबा उजेडाला तिरका धरून मला एक जागा दाखवली. कोपऱ्यात दुकानाच्या किमतीचं लेबल कधीतरी ओरबाडून काढलेलं होतं, त्याचा चिकट, मळकट चौकोन. तो चौकोन फिल्मच्या आत होता. दुकानदार किमतीचं लेबल फिल्मवरून चिकटवतो, फिल्मखाली कसं चिकटवेल? डब्याचे कोपरेही घासून पांढरे पडलेले, त्यातून कागदाचे तुसे निघालेले, आणि त्यावरची फिल्म मात्र ओरखडा नसलेली. आठ महिने रोज बघत होतो मी तो डबा. दिवसाला पाचशे जॉब तपासणारा माणूस!

तरीही मी म्हणालो, असं सील घरी होत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानात बोलावलं. खारीचा रिकामा बॉक्स घेतला, फिल्मच्या पिशवीत घातला, कडा गरम पट्टीनं बंद केली आणि हीट गन फिरवली. फिल्म आधी सुरकुतली, मग पापडासारखी आक्रसून कोपऱ्यांना घट्ट बसली. दोन मिनिटं लागली नाहीत. तो खारीचा बॉक्स माझ्या ड्यूसपेक्षा जास्त ‘सील पॅक’ दिसत होता.

घरी येऊन डबा फोडला. वर माहितीपत्रकाची झेरॉक्स. खाली वर्तमानपत्राचे बोळे, वजन भरायला. एक बोळा उलगडला. मराठीच पेपर, तारीख मी पैसे पाठवले त्याच्या आदल्या आठवड्यातली. बॉडी जुन्या डब्यातलीच असावी, पण छतावर कुणाचं तरी सुकलेलं ग्लू. क्रोमच्या भागांचा रनर, म्हणजे सुटे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट, गायब. बंपर नाहीत, हेडलाइट नाहीत. इंजिनाचे दोन अर्धे होते, ते दोन वेगळ्या इंजिनांचे. काचेवर टायर चिकटून दोन गोल खड्डे पडलेले. ह्याबद्दल मात्र त्याला बोल लावत नाही; जुन्या किटांचे मऊ टायर पॉलिस्टायरीनला टेकून राहिले की त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर येऊन प्लॅस्टिक खातो. खरंखुरं सील असलेल्या डब्यातही हे निघू शकतं, हे सील-सील करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

चॅसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बॉडी ठेवली तर बसेना. तेव्हा कुठं हात व्हर्नियरकडं गेला. खऱ्या 1932 च्या फोर्डच्या दोन एक्सलमधलं अंतर 106 इंच. त्याला पंचविसानं भागलं तर 107.7 मिलिमीटर यायला पाहिजे. आलं 112. म्हणजे चॅसिस 1/24 मापाचं, दुसऱ्याच किटमधलं. चार मिलिमीटर. आमच्या कामात एवढ्या फरकाला लोक शिव्या घालत नाहीत, सरळ हसतात.

त्याचा नंबर बंद. ग्रुपातून तो कधीच निघून गेला होता. 1930 ह्या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तक्रार घातली. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात अडवायला वाव असतो. आठ महिन्यांनी त्या खात्यात काय असणार?

आता मी डबा दारात आला की पार्सलवाल्यासमोरच मोबाइलचा कॅमेरा चालू करतो आणि सगळं फोडतो, पट्टी, पुठ्ठा, फिल्म, आतल्या पिशव्या. व्हॅल्यू जाते म्हणे. जाऊ दे. मला गाडी जोडायचीये, कपाटावर पूजायची नाही. घ्यायच्या आधी विकणाऱ्याला सांगतो की रनरचे फोटो टाक, शेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून. फिल्म असलेलाच डबा असेल तर चारही कोपरे आणि लेबलची जागा जवळून मागतो. जे खरंच साठा विकतात ते कुरकुरतात, पण देतात. आणि पहिला लहान व्यवहार चोख झाला म्हणून दुसऱ्या मोठ्यावर डोळे मिटायचे नाहीत. ते साडेसहाशे म्हणजे त्याचं बियाणं होतं.

हे सगळं मी त्या इचलकरंजीच्या पोराला फोनवर सांगितलं. त्यानं माझ्यासमोरच, म्हणजे दुसऱ्या फोनवरून, आतले फोटो मागितले. उत्तर लगेच आलं, ‘दादा, सील तोडलं तर व्हॅल्यू जाते.’ शब्दाला शब्द तेच. पोरगं म्हणालं, कोपऱ्याचा तरी जवळून टाका. त्यावर ह्याला ब्लॉक.

मग जरा वेळानं पोरानं हळूच सांगितलं की टोकन म्हणून दोन हजार सकाळीच पाठवलेत. मी त्याला फोन ठेवायला लावून आधी 1930 लावायला सांगितलं. त्यानं लावला, तक्रारीचा नंबर मिळाला, सतरंजीचे दोन्ही फोटो आम्ही जोडून दिले. अजून काही कळलेलं नाही.