घोंगडी घ्यावी की ब्लँकेट?

थंडी पडली की ओळखीचं कुणी ना कुणी विचारतंच. मी आधी एवढंच विचारतो, अंगावर घ्यायचंय की खाली अंथरायचंय?

अंथरायला घोंगडीला तोड नाही. दख्खनी मेंढीची लोकर भरड, बहुतेक काळी. धनगरांकडची लोकर चरख्यावर कातायची आणि सनगरांनी खड्डामागावर विणायची, अशी जुनी वाटणी. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते. वापरून मऊ पडते, पण टोचणं पुरतं जात नाही. तान्ह्या बाळाला ती नकोच. टोचणं सोसत नसेल तर जावळाची बघा, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची. पैसे मात्र जास्त पडतात.

लोकर आपल्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. भर पावसात मेंढपाळ घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन रानात उभा राहतो, तो त्याच जिवावर.

मिंक ब्लँकेटला हे जमत नाही. ते पॉलिएस्टरचं; घाम आला की अंगाला चिकटतं. पण मऊ असतं, मशीनमध्ये धुता येतं आणि त्याला कसर लागत नाही. घोंगडी मी एकदा गरम पाण्यात टाकून मशीन फिरवलं. बाहेर आला तो आखडलेला नमदा, निम्म्या मापाचा! घोंगडीला गार पाणी, सावलीत वाळवण आणि मधूनमधून ऊन दाखवणं, एवढं करायची तयारी हवी. फ्लॅटमध्ये ते होत नसेल तर सरळ मिंक घ्या. आमच्याकडे खाली घोंगडी आणि अंगावर मिंक.

तिसरा प्रकार पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांचा. जुने लोकरी कपडे पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढतात. त्याला शॉडी म्हणतात. ऊब देतं, पण तंतू तोकडे झालेले असल्याने झडत राहतं. पाहुण्यांसाठी माळ्यावर ठेवायला ठीक.

'प्युअर वूल' म्हणून विकत असतील तर कडेचे दोन धागे मागून घ्या आणि बाहेर येऊन जाळा. केस जळल्याचा वास आणि बोटांत चुरणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक नाहीतर पॉलिएस्टर. धागे द्यायलाच दुकानदार कां-कूं करू लागला, तर काडी ओढायचीही गरज नाही.