व्हर्नियर कुठे लावला ते बघा

डस्ट कलेक्टर, म्हणजे लाकूडकामाचा भुसा ओढून घेणारी मशीन, घेताना हात सैल सोडला आणि डक्टिंगची, म्हणजे तिथपर्यंत भुसा नेणाऱ्या पाइपांची, वेळ आली तेव्हा खिसा रिकामा. घरच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या बहुतेकांचं असंच होत असावं. काही महिने एकच चार इंची फ्लेक्सिबल होज या मशीनवरून काढ, त्या मशीनला लाव, असं चाललं होतं. आतल्या वळ्यांमुळे तिच्यात हवा रखडते आणि रंध्याच्या लांब ढलप्या हमखास अडकतात.

तेवढ्यात जाहिरात दिसली: कारखान्यातला उरलेला माल, सहा इंची जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचा) पाइप, 22 गेज, निम्म्या भावात.

गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ, एवढं मला माहीत होतं. एसीच्या डक्टला मिळणारा 30 गेजचा पाइप आपल्या कामाचा नाही, हेही वाचलेलं होतं. तिथे हवा ढकलली जाते, आपल्याकडे ओढली जाते, त्यात पातळ पाइप आत चेपू शकतो. म्हणून माल बघायला गेलो तेव्हा आधी जाडीच विचारली. विकणाऱ्याने लगेच खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला, पाइपच्या तोंडाला लावला आणि माझ्यापुढे धरला. 0.85 मिलिमीटर. बरोब्बर 22 गेज. "तुम्हीच बघा साहेब, मी कशाला सांगू!" दुसऱ्या टोकाला चुण्या होत्या, तिथे माप नीट येत नाही म्हणाला. खरंच होतं ते.

खूश होऊन नऊ पाइप उचलले. टी जॉइंटही त्याच्याकडूनच घेतले. तिरकी फांदी असलेल्या वाय जॉइंटचं काम काटकोनात फांदी असलेला टी करत नाही, हे तेव्हा स्वस्ताईपुढे सुचलं नाही. पण ती चूक माझी.

छताखालून लाइन टाकली, सांध्यांना टेप मारली, मशीन चालू केली. करवतीवर दोन फळ्या चिरल्या, भुसा झकास ओढला गेला. मग करवतीचं गेट (तिच्याकडे जाणाऱ्या पाइपची झडप) बंद केलं आणि रंध्याचं उघडायला वळलो. त्या मधल्या दोन-तीन सेकंदांत सगळीच गेटं बंद होती. डोक्यावर 'भप्प' असा आवाज झाला. वर बघतो तर मधला पाइप पायाखाली आलेल्या डब्यासारखा पिचकलेला.

तो पाइप काढून मधोमध कात्रीने कापला आणि सपाट पत्र्याला व्हर्नियर लावला. 0.40. म्हणजे 30 गेज. मग तोंडाकडे नीट पाहिलं: हाताला लागू नये म्हणून काठ आत दुमडून दाबलेला होता. त्याने दाखवलेलं माप त्या दुहेरी पत्र्याचं होतं. जाहिरात सोडली तर शब्दाने तो खोटं बोललाच नव्हता, व्हर्नियरकडून बोलवून घेतलं.

फोन केला तर उत्तर तयार: "सगळी गेटं बंद ठेवून मशीन कोण चालवतं? आणि माप तुम्हीच वाचलंत." पावती काढली. तिच्यावर 'सहा इंची पाइप, नग 9' एवढंच. गेजचा उल्लेखच नाही, मग भांडणार कशावर?

आता मी पाइप आधी तोलून बघतो. सहा इंची, एक मीटर लांबीचा 22 गेजचा पाइप तीन किलोच्या वर भरतो, 30 गेजचा जेमतेम दीड किलो. साधा वजनकाटाही हे सांगतो, दुमडलेल्या काठाने तो फसत नाही. माप घ्यायचंच असेल तर लाइनमध्ये कुठे तरी फांदीसाठी भोक पाडावंच लागतं, तेव्हा विकणाऱ्यासमोरच एक तुकडा कापून सपाट भागावर घ्यावं. तो कापू देत नसेल तर तिथूनच परत फिरावं. पावतीवर गेज लिहून घ्यावं ते वेगळंच.

उरलेले आठ पाइप अजून छताखालीच आहेत. सगळ्यात दूरचं गेट मी कायम अर्धं उघडं ठेवतो, त्यामुळे जिथे काम चालू असतं तिथली ओढ कमी पडते. पैसे साठतील तसतसे एकेक करून बदलतोय.

ती जाहिरात परवा पुन्हा दिसली. आता फोटोही टाकलाय, पाइपला व्हर्नियर लावलेला. काठावरच.